सीए-१२५ वाढलेलं आलंय. सोनोग्राफी होईपर्यंत डोकं कसं ताळ्यावर ठेवायचं?

आकडेमोड

नमस्कार मंडळी. वय ४७. पाळी अजून चालू आहे, पण वेळेवर येत नाही आणि आली की अंगावरून बरंच जातं. ऑफिसकडून दरवर्षी तपासण्यांचं पॅकेज असतं. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल वगैरे. या वेळी त्यात 'महिलांसाठी कॅन्सर मार्कर' अशी एक ओळ जास्त होती. कुठल्या डॉक्टरने सांगितली नव्हती, मला काही त्रासही नव्हता. यादीत होती, म्हणून झाली.

रिपोर्ट मोबाइलवर आला. बाकी सगळं ठीक, ड जीवनसत्त्व नेहमीप्रमाणे तळाला, आणि शेवटच्या पानावर सीए-१२५ : ६८.४. शेजारी लिहिलंय, ३५ पर्यंत असावं. आकडा ठळक अक्षरात, पुढे 'एच', म्हणजे हाय.

मी हिशेब खात्यात आहे. ताळेबंद जुळत नसेल तर जुळेपर्यंत जागचं उठायचं नाही, ही वीस-बावीस वर्षांची सवय. इथे जुळवायला काही नाहीच. एकच आकडा आहे आणि त्याच्या समोरची बाजू कोरी आहे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गायनॅकना दाखवा, त्या सोनोग्राफी सांगतील, घाबरू नका. पण 'घाबरू नका' म्हणायच्या आधी ते अर्धा सेकंद थांबले. तो अर्धा सेकंद मी मनात इतक्या वेळा वाजवलाय की आता त्यातून काहीही ऐकू येतं. गायनॅकची वेळ पुढच्या आठवड्याच्या अखेरीला मिळाली आहे.

आता खरी गोष्ट. माझी मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. तिचं पोट फुगायचं आणि घरातले सगळे गॅस म्हणत राहिले. त्यामुळे 'ओव्हरी' हा शब्द आमच्याकडे कोणी साध्या आवाजात उच्चारत नाही.

रात्री दोनच्या सुमाराला पांघरुणात मोबाइल घेऊन वाचत बसते. लक्षणं म्हणून जे जे लिहिलेलं असतं ते दुसऱ्या दिवशी मला होतं. पोट फुगणं वाचलं, तर सकाळी पँटचं बटण घट्ट. दोन घास खाऊन पोट भरल्यासारखं होणं वाचलं, तर जेवण जाईना. वारंवार लघवी वाचल्यापासून ऑफिसमध्ये आपण किती वेळा उठलो ते मोजते आहे. आंघोळीच्या वेळी पोटाच्या दोन्ही बाजू दाबून बघते, उजवी कडक वाटते. जरा वेळाने डावी.

नवरा म्हणतो, "काही नसणार गं." आणि कूस बदलून झोपतो. त्याच्या घोरण्याचा इतका राग मला लग्नानंतर कधी आला नव्हता. मुलीची परीक्षा तोंडावर आहे, तिला सांगितलेलं नाही. बहुतेक तिला काहीतरी कळलंय.

मला इथे कोणाकडून निदान नकोय, ते डॉक्टर करतील. ज्यांनी असा मधला काळ काढलाय त्यांनी तो कसा काढला, एवढंच विचारायचंय. आणि एक : तोवर दुसऱ्या लॅबमधून पुन्हा रक्त तपासून घ्यावं का? निदान एक आकडा तरी जास्त हातात येईल.

नळीनंबर

रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का? गर्भाशयात गाठी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असं पूर्वी कोणी सांगितलंय का? एवढं सांगा, मग रात्री सविस्तर लिहिते. तोवर दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ नका.

आकडेमोड

हो, दुसरा दिवस होता. सुट्टी त्याच दिवशी मिळाली म्हणून गेले. पाळीत पोट आधीपासूनच खूप दुखतं. काही वर्षांपूर्वीच्या एका सोनोग्राफीत 'गर्भाशय किंचित मोठं' असं लिहिलं होतं, त्यावर पुढे काही झालं नाही. तुम्ही विचारलंत ते मला अजून कोणीच विचारलं नव्हतं. रक्त घेणाऱ्या मुलीनेही नाही.

सदाफुली

ताई, सकारात्मक विचार करा. मनात वाईट आणलं की शरीरही तसंच वागू लागतं. चांगलं घडणार आहे असं रोज सकाळी स्वतःला सांगा, सगळं नॉर्मल येईल!

आकडेमोड

सदाफुली, आपुलकीने लिहिलंत, आभार. पण खरं सांगते, हे वाचून काळजी एकाने वाढली. आता काळजी करते आहे म्हणून आकडा वाढेल की काय, याची काळजी.

नळीनंबर

नाही वाढत. आधी तेच मिटवून टाकू. सीए-१२५ हे एक प्रथिन आहे, तुम्ही काय विचार करता हे त्याला कळत नाही.

मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये ज्या मशीनवर हे मार्कर चालतात त्या मशीनवर माझी ड्यूटी असते. त्यामुळे आकडा कुठून येतो ते सांगू शकते, तुमच्या पोटात काय आहे ते नाही.

पोट आणि छाती यांना आतून आणि हृदयाला बाहेरून एक पातळ अस्तर असतं. गर्भाशयाच्या आतही अस्तर असतं. ही अस्तरं हे प्रथिन थोडं थोडं रक्तात सोडतच असतात. अस्तर कशानेही चिडलं की जास्त सोडतात. ओव्हरीच्या कॅन्सरने चिडतं, तसंच पाळीने, गरोदरपणाने, एंडोमेट्रिओसिसने, फायब्रॉइडने म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींनी, ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाने, पोटाच्या ऑपरेशननंतर, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं तर, हृदय कमजोर होऊन छातीत पाणी साठलं तर. पोटाच्या टीबीमध्ये मी याच मशीनवर शेकड्यांतले आकडे पाहिलेत. कुत्रा भुंकला म्हणजे चोरच आला असं नाही, पोस्टमनवरही भुंकतो. दार उघडून बघावं लागतं हे मात्र खरं, आणि ते दार म्हणजे सोनोग्राफी.

दुसऱ्या दिवशीची पाळी, अंगावरून जास्त जाणं, जुनं दुखणं आणि मोठं गर्भाशय, एवढं असताना ६८ येणं यात आम्हाला लॅबमध्ये नवल वाटलं नसतं. याचा अर्थ काही नाहीच आहे असा नव्हे. एवढ्याने आकड्याचा खुलासा होऊ शकतो, इतकंच.

आता तो ३५ कुठून आला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही तपासणी निघाली तेव्हा धडधाकट माणसांचं रक्त तपासून रेघ अशी आखली की निरोगी लोकांपैकी साधारण १ टक्का तिच्या वर राहतील. म्हणजे काहीही आजार नसलेली शंभरातली एक व्यक्ती 'एच' घेऊन फिरते आहे. पाळी चालू असलेल्या बायकांत हे प्रमाण आणखी वाढतं.

तुम्ही हिशेबातल्या आहात, तेव्हा हे मांडून बघा. पन्नाशी ओलांडलेल्या, काही त्रास नसलेल्या १०,००० बायका घ्या. त्यांच्यात ओव्हरीचा कॅन्सर असलेल्या साधारण ४. तपासणीत त्यातल्या ३ सापडल्या असं धरू. आणि निरोगी असून रेघेच्या वर गेलेल्या १००. आता 'एच' आलेल्या १०३ बायका घाबरून बसल्या आहेत, त्यांतल्या आजारी ३. तुमच्या वयाला तर आजारी आणखी कमी आणि खोटे 'एच' आणखी जास्त. मावशीमुळे तुमचं पारडं थोडं हलतं, म्हणून ती गोष्ट गायनॅकना पहिल्याच वाक्यात सांगा. तिला कोणत्या वयात झाला, तुमच्या आईच्या बाजूला कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का, हेही विचारून ठेवा.

याच कारणाने लक्षणं नसलेल्या बायकांची सरसकट ही तपासणी करू नये असं जाणकार सांगतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर हा प्रयोग झाला. २००१ ते २००५ मध्ये त्यांची नोंदणी झाली, पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि २०२१ मध्ये निकाल आला : दरवर्षी तपासणी करूनही ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट बाजूही आहे. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळजवळ अर्ध्या बायकांचा आकडा नॉर्मल असतो. म्हणजे ज्यांचा १२ आला त्यांनी पेढे वाटू नयेत. मग पॅकेजमध्ये ही ओळ का असते? 'कॅन्सर' शब्द असला की पॅकेज भारदस्त दिसतं. यावर मी ऑफिसात बोलले की माझ्याकडे विचित्र बघतात.

दुसऱ्या लॅबचं : नको. प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येतो. तिकडे ५९ आलं तर तुम्ही म्हणणार कमी झालं, ७५ आलं तर म्हणणार वाढलं, आणि दोन्ही वेळा रक्त तेच. डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं तर त्याच लॅबमध्ये, पाळी पूर्ण उरकल्यावर.

आणि आकडाच हवा असेल तर हा घ्या. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर एक गुणाकार करतात : सोनोग्राफीचे गुण × पाळीचे गुण × सीए-१२५. पाळी चालू असेल तर पाळीचा १, बंद झाली असेल तर ३. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघतात : गाठीत कप्पे आहेत का, घट्ट भाग आहे का, दोन्ही बाजूंना आहे का, पोटात पाणी आहे का, आजार इतरत्र पसरलेला दिसतो का. एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. उत्तर २०० किंवा २५०च्या वर गेलं की कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवतात. सोनोग्राफीत त्यातलं काही नसेल तर ६८.४ ला शून्याने गुणायचं आहे. गुणाकार मात्र डॉक्टरांना करू दे.

एक गोष्ट थांबवून ठेवायची नाही. पोटात अचानक असह्य दुखलं, उलट्या थांबेनात, पोट भराभर वाढायला लागलं किंवा धाप लागली, तर वेळ मिळालेला दिवस उजाडायची वाट बघू नका.

उतारवय

नळीनंबर यांनी इतकं नीट लिहिलंय की वैद्यकीय बाजूला मी हात लावत नाही. माझा अनुभव पुरुषांच्या मार्करचा, पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा. रेघ ४ ची, माझा आला ६.२. लघवीला जळजळ होत होती, ती डॉक्टरांनी आधी बरी केली, सहा आठवडे थांबायला लावलं आणि मग पुन्हा तपासलं. खाली आला. जंतुसंसर्गाने तो वाढतो, वयानुसार प्रोस्टेट मोठं झालं तरी वाढतो, फार सायकल चालवली तरी थोडा वाढू शकतो. पण हे मला आता माहीत आहे. त्या सहा आठवड्यांत मी माझ्या डोक्यात स्वतःचं सगळं आटोपून बँकेची नॉमिनेशनंसुद्धा तपासली होती. (त्यातलं एक खरंच जुनं निघालं. तेवढा फायदा.)

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल सांगतो, कारण त्यावर अजून कोणी बोललं नाही.

बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग तिने दर थोड्या वेळाने "कसं वाटतंय?" विचारायला सुरुवात केली. मला बरं वाटत असायचं, तिने विचारलं की वाटेनासं व्हायचं. शेवटी ठरवलं की हा विषय संध्याकाळी फिरून आल्यावर अर्धा तास काढायचा. बाल्कनीतल्या दोन खुर्च्या, एक वही. त्या अर्ध्या तासात हवी तेवढी काळजी करायची, रडायचं असेल तर रडायचं, डॉक्टरांना काय विचारायचं ते वहीत लिहायचं. दिवसा डोक्यात काही आलं की "संध्याकाळी" एवढं म्हणायचं आणि वहीत एक शब्द टाकायचा. पहिले काही दिवस हा पोरखेळ वाटला. नंतर असं व्हायला लागलं की संध्याकाळी वही उघडावी आणि दुपारी जे भयंकर वाटलं होतं ते शब्द वाचून आम्हालाच प्रश्न पडावा, यात एवढं काय होतं. काळजीला वेळ ठरवून देण्याची ही पद्धत मानसोपचारवालेही वापरतात असं मला पुढे कळलं. काळजी करू नका असं सांगून कोणाची थांबत नाही. पुढे ढकलता येते, तेही जेमतेम.

बिछान्यात मोबाइल नको हा दुसरा नियम. मी चार्जर स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. दोन वाजता उठून थंड फरशीवरून तिथवर जाण्याइतकी हौस कोणाला नसते. खरंच अस्वस्थ वाटलं तर उठून दिवा लावून खुर्चीत बसायचं, पण बिछान्यात पडून वाचायचं नाही.

पोट दाबून बघणं बंद करा. दाबून दाबून दुखायला लागेल आणि मग ते दुखणं तुम्ही वहीत लिहाल. तपासायला डॉक्टर आहेत, त्या एकदाच दाबतील आणि त्यांना कळेल.

आणि घोरणाऱ्या नवऱ्याला माफ करू नका, काम द्या.

काठपदर

अगं, मी जरा बिचकत लिहिते आहे, कारण इथे सगळ्यांचं 'काही निघालं नाही' चाललंय आणि माझं निघालं होतं. तुला नको असेल तर इथेच थांब, मला वाईट वाटणार नाही.

माझा आकडा तुझ्या कितीतरी पट होता, पोटात पाणी होतं आणि माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा तुझ्या रिपोर्टशेजारी माझा रिपोर्ट ठेवू नकोस. तिसऱ्या टप्प्यातला होता. ऑपरेशन झालं, केमो झाल्या. आता माझा सीए-१२५ दर काही महिन्यांनी करतात, मागच्या वेळी ११ होता. ही तपासणी खऱ्या अर्थाने कामाला येते ती अशी, आजार माहीत असताना त्याच्यावर नजर ठेवायला. तरीही रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत माझी झोप आजही उडते. म्हणजे तू काही घाबरट वगैरे नाहीस.

"काही नसणार" हे वाक्य मला तेव्हा सगळ्यात जास्त टोचायचं. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि आपण त्याच्यापुढे आता घाबरायचंही नाही असं होऊन बसतं. माझ्या धाकट्या बहिणीने तसं म्हटलं नाही. ती म्हणाली, "असलं तर काय काय करावं लागेल ते विचारून येऊ, नसलं तर पुढे काय ते विचारून येऊ." मग आम्ही कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'काही नाही निघालं तर' : आकडा वाढला कशाने, पुन्हा तपासायचं का, कधी, किती वेळा. उजवीकडे 'शंका आली तर' : पुढची तपासणी कोणती, एमआरआय की सीटी, ओव्हरीच्या कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करणारे सर्जन कोण, त्यांच्याकडे किती दिवसांत जायचं. उजवी बाजू लिहिताना माझा हात थरथरत होता. पण लिहून झाल्यावर त्या रात्री झोप लागली. तोवर उजवीकडे नुसता एक काळा खड्डा होता, आता तिथे कामं होती.

तूही कर. तुला रकाने आखायची सवय आहेच.

उतारवय म्हणतात तसं नवऱ्याला काम दे. माझ्या नवऱ्याला मी लिहायला बसवलं होतं. डॉक्टरांसमोर आपण मान हलवत असतो आणि बाहेर आल्यावर त्या काय म्हणाल्या ते अर्धंही आठवत नाही. तो शब्द न् शब्द लिहायचा, वाईट अक्षरात. "काही नसणार" म्हणणारी माणसं बरेचदा आपल्याहून जास्त टरकलेली असतात, त्यांच्या हातात पेन दिलं की जरा माणसात येतात.

आणि सगळ्या नातेवाइकांना तू स्वतः सांगत बसू नकोस. एकीला नेम. जो विचारेल त्याला ती उत्तर देईल.

मुलीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझी मुलं मोठी होती. पण तुला वाटतंय की तिला काहीतरी कळलंय, तर तिने मनात रचलेली गोष्ट ६८.४ पेक्षा मोठी असणार. "एक तपासणी जरा वर आलीय, अमुक दिवशी डॉक्टरांकडे जाणार आहे, काय ते तुला सांगेन," एवढं पुरे होतं मुलांना. आणि मग खरंच सांगायचं.

मावशीचं मात्र मनावर घे. घाबरायला म्हणून नाही. आमच्यात जीनची तपासणी झाली, बीआरसीए म्हणतात ती, कारण माझ्या आत्याला स्तनाचा होता. कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला तो बदल बापाकडूनही येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आकडेमोड

काठपदर, तुम्ही थांबायचा पर्याय दिला होतात, मी थांबले नाही. बरं झालं.

चार्जर हॉलमध्ये गेला. काळजीची वेळ साडेसात, गच्चीवर, नवऱ्यासकट. पहिल्या दिवशी तो नुसता बसून होता, दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाला की तो ऑफिसमध्ये बसून हेच सगळं वाचतो. म्हणजे दोघंही वाचत होतो, तो दिवसपाळीत आणि मी रात्रपाळीत. मुलीला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं तुमचं दोघांचं काहीतरी बिनसलंय."

पोट दाबणं पूर्ण बंद झालेलं नाही. कमी झालंय.

आकडेमोड

काल जाऊन आले. लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

आत गेल्या गेल्या मावशीचं सांगितलं. डॉक्टरांनी आधी पाळीच्या तारखा विचारल्या, रक्त कुठल्या दिवशी दिलं ते विचारलं आणि रिपोर्टच्या कडेला पेनाने 'पाळी, दि. २' असं लिहिलं. इतके दिवस तो 'एच' तिथे एकटा होता, त्याच्या शेजारी पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी लिहिलं.

मग आतून करतात ती सोनोग्राफी. दुखलं नाही, अवघडल्यासारखं झालं तेवढंच. वाईट होती ती शांतता. त्या स्क्रीनकडे बघत माउस फिरवतात, टक् करून एक रेघ मारतात, टक् करून दुसरी, आणि काही बोलत नाहीत. उजव्या बाजूला बराच वेळ थांबल्या. मी छतावरच्या पट्ट्या मोजत होते. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "मोजमाप घेतेय, सगळ्यांचंच घेते."

निघालं ते असं : गर्भाशय मोठं आणि जाड भिंतीचं, ॲडेनोमायोसिस. म्हणजे आतलं अस्तर गर्भाशयाच्या भिंतीच्या स्नायूत शिरलेलं. दुखणं, अंगावरून जाणं आणि वाढलेला आकडा, तिन्ही यात बसतात असं त्या म्हणाल्या. उजव्या ओव्हरीत तीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ, पातळ भिंतीची, कप्पा नाही, घट्ट भाग नाही. पाळी चालू असलेल्या बायकांत अशा गाठी येतात आणि जातात. डावी ओव्हरी ठीक. पोटात पाणी नाही.

मी विचारलंच, सोनोग्राफीचे गुण किती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, शून्य. नवऱ्याने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ पुन्हा. अंगावरून जातं त्यावर औषध सुरू केलंय, हिमोग्लोबिनकडेही लक्ष द्यायला सांगितलंय. म्हणजे खातं बंद झालेलं नाही, पुढे ओढलंय. हे मला आवडलेलं नाही, पण तारीख पडलीय हे बरं वाटतं.

मावशीबद्दल त्यांनी बरंच विचारलं. वय काय होतं, आजीकडे कोणाला काही होतं का, मावशीची जीनची तपासणी झाली होती का. मला यातलं फारसं काही सांगता आलं नाही. माहिती गोळा करून या म्हणाल्या, त्यावरून जेनेटिक सल्लागाराकडे पाठवायचं का ते ठरवतील.

नळीनंबर, तीन महिन्यांनी रक्त नेमकं कधी देऊ? आणि काठपदर, माहिती विचारायची म्हणजे मावसबहिणीलाच फोन करावा लागणार. मावशी गेल्यापासून आम्ही त्या आजारावर एक अक्षर बोललेलो नाही. माझ्या रिपोर्टचं सांगावं, की दुसरंच काही निमित्त काढून विचारावं?

नळीनंबर

पाळी पूर्ण थांबल्यावर साधारण आठवड्याने. तीच लॅब. जुना रिपोर्ट सोबत न्या आणि फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख स्वतः लिहा, कोणी विचारायची वाट बघू नका. तारीख पाळीत आली तर तेवढे दिवस पुढे ढकला, काही बिघडत नाही.

काठपदर

निमित्त नको, सरळ सांग. तुझी ती मावशी होती, तिची आई होती. जीनच्या तपासणीचा प्रश्न तुझ्याआधी तिचा आहे, आणि तिला कोणी सांगितलंय की नाही देव जाणे. आईचे ऑपरेशनचे कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट तिच्याकडे असेल तर शोधायला सांग, सल्लागार पहिलं तेच मागतात. आज रविवार आहे, दुपारी कर फोन.